खांबाजवळची कडी

आशुतोषची पहिली बाइक जुन्या भाड्याच्या घराखालून चोरीला गेली होती. त्यामुळे करंजाड्याला राहायला आल्यावर नवी बाइक घेतली, तसा तो आधी पनवेलला कुलपांच्या दुकानात गेला. दुकानदार इंद्रजितने वायरचं लॉक काउंटरवर टाकलं.

"हे कटरच्या एका दाबात जातं. ही बघा." त्याने कापडी खोळ घातलेली चौकोनी कड्यांची साखळी पुढे केली. ती घेताना आशुतोषचा हात खाली गेला. "हिला जमिनीवर लोळू द्यायचं नाही, नाहीतर हातोडा घालतात. चाकात दोन वेढे, आणि दुसरं टोक हलणार नाही अशा गोष्टीला. नाहीतर टेम्पोत घालून सगळंच उचलून नेतात."

बिल्डिंगखाली न हलणारी गोष्ट एकच होती. पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात, शेवटच्या खांबाशी, लाद्यांमधून वर आलेली जाड लोखंडी कडी. बाकीच्या गाड्या एकमेकींना घासून उभ्या असत, पण तो कोपरा मोकळा असे; तिथे फक्त हिरव्या गवताची एखादी पेंढी पडलेली असे.

त्याने कुलूप लावलं तेव्हा घरमालक गोटीरामशेठ तळमजल्यावरच्या आपल्या दारात उभे होते. इथली भातशेती सरकारी संपादनात गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर त्यांनी ही बिल्डिंग उठवली होती.

"साहेब, तिथं काय बांधायचा नाय."

"का? कोणाची जागा आहे?"

"नाय म्हनजे नाय. एकदा सांगितला."

"शेठ, भाड्यात पार्किंग धरलंय. गाडी गेली तर तुम्ही देणार आहात का?"

गोटीराम दारातून बाजूला झाले. आत खाटेवर त्यांची आई शेवंताबाई बसली होती. ती आशुतोषकडे पाहत राहिली. त्यानंतर बिल्डिंगमधल्या कोणीच त्याच्याशी धड बोलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाइक हातभर मागे सरकलेली होती. गिअरमध्ये असून. मागच्या टायरचा काळा फराटा लादीवर उमटला होता, आणि रात्री सैल सोडलेली साखळी ताठ झाली होती. गोटीरामची पोरं मुद्दाम त्रास देतायत, असं त्याने बायकोला, ऋताला सांगितलं. ऋता म्हणाली, "मग तिथे लावू नकोस ना. कशाला वैर घ्यायचं?"

"आज तिथून हटलो, की उद्या घरातून हटवतील."

मग चाकाच्या तारा वाकल्या. एकदा बाइक आडवी सापडली, चाक कडीला टेकलेलं. दर वेळी कुलूप जसंच्या तसं.

शेवटी एका संध्याकाळी बेलापूरच्या ऑफिसातून तो लवकर आला आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. आज पकडायचंच. बाहेर उजेड होता. रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, वरून कुकरची शिट्टी ऐकू येत होती. पार्किंगमध्ये कोणीही नव्हतं.

साखळी हलली.

खोळीतल्या कड्या एकेक करून सरळ होत गेल्या. टायर लादीवर करकरला. बाइक किंचित मागे आली आणि थांबली. मग पुन्हा आली.

आशुतोष धावला. किल्ली कुलपात गेली, पण फिरेना. त्याने दोन्ही हातांनी साखळी धरली. ती कोमट होती. तिला हिसका बसत होता, मग ढील मिळत होती, मग पुन्हा हिसका. दावं तोडू पाहणारं जनावर ओढतं, तसं. पण ओढ कडीच्या खालून येत होती.

त्याने साखळी सोडली आणि गोटीरामचं दार बडवलं.

"शेठ, काय आहे तिथे?"

दार फटीएवढं उघडलं. गोटीरामचा चेहरा रागाने काळवंडला होता. "आमी इतकी वर्सं गप ठेवलेला. तू त्याला दावा बांधलास."

"कोणाला?"

दार मिटलं. आतून कडी लागली.

कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्या मिथुनला त्याने ग्रायंडरसकट ओढत आणलं. ठिणग्या उडाल्या. कड्या कठीण होत्या, एक पातं झिजलं, दुसरं लावलं. साखळी तुटली तसा तिचा कडीकडचा तुकडा सुर्रकन लाद्यांच्या सांध्यात गेला. तिथे बोटही गेलं नसतं.

मिथुनने ग्रायंडर उचलला आणि मागे न बघता निघून गेला.

बाइक मोकळी झाली होती. आशुतोषने ती रस्त्यावर नेऊन लावली आणि तो चौथ्या मजल्यावर चढला. ऋताला एवढंच म्हणाला, "झालं. तोडली. उद्यापासून दुसरं घर बघू."

पहाटेपर्यंत सगळं शांत होतं.

सकाळी दूध घ्यायला त्याने दार उघडलं. शेवंताबाई चार मजले चढून आली होती. ती धापा टाकत होती. तिने काखेतली हिरव्या गवताची पेंढी त्याच्या उंबऱ्यापाशी ठेवली.

"आजी, हे काय? तो कोपरा तर खाली पार्किंगमध्ये आहे."

"खाली आता कोन हाय?" म्हातारी त्याच्याकडे न बघता म्हणाली आणि भिंतीला धरून उतरू लागली.

आशुतोषने पायाने पेंढी बाजूला ढकलली, दार लावलं, वरची कडीही घातली. ऋता अजून झोपलेली होती. तिला उठवायला तो पलंगाशी गेला.

तिच्या उशीवर गवताच्या चार काड्या होत्या. ओल्या, अर्ध्या चावलेल्या.