विसाव्याचा दगड

आमचं लष्कराचं तंबूतलं रुग्णालय तेव्हा खर्ड्याजवळच्या माळावर होतं. मी तिथली नर्सिंग अधिकारी, अंजुम. त्या दुपारी सराव होता, रुग्णालय झटपट रिकामं करायचा. खोटे पेशंट गावचेच. असे विव्हळत होते की खऱ्यांनी लाजावं. स्ट्रेचर उचलायलाही गावचेच काकासाहेब आणि भीमा.

त्या खोट्या पेशंटांतल्या बायडाबाईंना बेशुद्धीचं सोंग दिलं होतं. पण तंबूतच त्यांना खरोखरची धाप लागली, ओठ निळे पडले. ऑक्सिजन लावला, तरी मोठं हॉस्पिटल गाठायलाच हवं होतं. अँब्युलन्स ओढ्यापलीकडे उभी होती.

"पळा," मी म्हटलं.

ऊन उतरत होतं. वाळल्या गवताची चरचर आणि बायडाबाईंची घरघर, एवढंच ऐकू येत होतं. चढावरच्या सपाट दगडावर दोघांनी स्ट्रेचर टेकवलं आणि जागा बदलल्या. पुढचा मागे, मागचा पुढे.

"थांबलात कशाला?" मी ओरडले.

काकासाहेबांचा चेहराच उतरला. "सवय हो म्याडम... ह्यो विसावा. मढं नेताना हितंच टेकवत्यात..."

बायडाबाईंनी मास्क खाली ओढला. "उचला मला... हितं ठिवू नगा..."

उचललं. दोघांचे गुडघे वाकले.

"लई जड झालंय..." भीमा पुटपुटला.

घरघर थांबली होती. पळता पळता मी ब्लँकेटखालचं मनगट धरलं. नाडी लागेना. या अल्ला, सरावात बाई गेली तर तिच्या लेकरांना काय सांगू? ओढा ओलांडला, स्ट्रेचर अँब्युलन्समध्ये चढवलं, मागोमाग मीही चढले, आणि बोटांखाली ठोका पडला. चांगला ठणठणीत. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात मागून धापा टाकत हाक आली.

"म्याडम... मी हितंच ऱ्हायले..."

ओढ्याच्या त्या बाजूला, विसाव्याच्या दगडावर हिरव्या लुगड्यातली बाई बसली होती. बायडाबाईंचंच लुगडं.

"मागं बगू नगा..." काकासाहेब मान खाली घालून म्हणाले.

मी स्ट्रेचरकडे पाहिलं. ब्लँकेट मी छातीपर्यंतच घातलं होतं. आता ते तोंडावरून ओढलेलं होतं. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

"थांबवा!" म्हणून मी दाराकडे झेपावले, तर हात मागे ओढला गेला. ब्लँकेटखालून दोन गार बोटं माझ्या मनगटावर सरकली, जरा चाचपडली आणि नेमकी नाडीवर येऊन थांबली.