काचेखालची चूल

तुर्कस्तानातल्या उर्गुपच्या खोऱ्यातून सकाळी पर्यटकांचे बलून वर यायला लागत, तोवर मुकद्देसचं अर्धं काम उरकलेलं असे. काळे-हिरवे ऑलिव्ह, बकरीचं चीज, म्हशीच्या दुधाची जाड साय आणि तिच्यावर पोळ्यातला मध, जर्दाळूचा मुरंबा, मिरच्या घालून परतलेली टोमॅटो-अंडी. न्याहारीला एका माणसापुढे चौदा वाट्या. मग ती हॉटेलनं दिलेला फुलाफुलांचा रुमाल डोक्याला बांधायची आणि अंगणातल्या पाटाशी बसून पाहुण्यांच्या देखत पोळी लाटायची. पाहुणे फोटो काढत. घरचा पांढरा रुमाल चालत नसे. तो फोटोत उठून दिसत नाही, असं तिच्या धाकट्या भावाचं, सेय्फीचं म्हणणं.

हॉटेल सेय्फीचं होतं, आणि हॉटेल म्हणजे त्यांचंच जुनं घर होतं. डोंगराच्या पोटात कोरलेल्या अकरा खोल्या, समोर अंगण, अंगणात तुतीचं झाड. सात नंबरच्या खोलीत मुकद्देस जन्मली होती. आता तिथे संगमरवरी न्हाणीघर होतं, रेशमी रजई होती, भिंतीवर गालिचा होता, आणि मधोमध जमिनीत पुरलेल्या जुन्या तंदूरावर चार बोटं जाडीची काच बसवली होती. काचेखाली पिवळा दिवा. पाहुणे तिच्यावर वाइनचे पेले ठेवत. दारावर पाटी होती, ‘आईची चूल’. सगळ्यांत महाग खोली तीच.

आई, म्हणजे एल्मास, साठ वर्षं त्या तंदूरात रोट्या लावत आली होती. तीन वर्षांपूर्वी सेय्फीनं तिला गावातल्या नव्या इमारतीत नेऊन ठेवलं. तिथे विजेची शेगडी होती. म्हातारी रोज संध्याकाळी विचारायची, “माझी चूल नीट झाकली का रे?” सेय्फी म्हणायचा, “झाकली गं, अगदी काचेनं झाकली.” तिथेच ती गेली. जाताना एवढंच म्हणाली, की चाळिसाव्याचा हलवा माझ्या चुलीवर परता.

तिचं जुनं सांगणं होतं, की गेलेलं माणूस चाळीस दिवस आपल्या चुलीपाशी घोटाळतं. चाळिसाव्या दिवशी घरच्या चुलीवर रव्याचा हलवा परतायचा. भाजलेल्या रव्याचा वास पोचला की त्याला कळतं, घरानं आपली आठवण ठेवली, आता निघायला हरकत नाही.

“आणि नाही पोचला तर?” सेय्फीनं लहानपणी विचारलं होतं.

“तर काम करत बसतं बिचारं,” आई रोटी थापता थापता म्हणाली होती. “दुसरं काय करील?”

सातव्या दिवसाचा हलवा हॉटेलच्या स्वयंपाकघरात झाला होता. सेय्फीनं भिंतीवरचा मोठा पंखा चालू ठेवायला लावला, कारण कार्पेटला वास धरतो. मुकद्देस रवा परतत होती आणि सगळा सुगंध तिच्या डोळ्यांदेखत त्या पत्र्याच्या धुराड्यातून बाहेर ओढला जात होता. तिनं आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. सोमवार-गुरुवारचा रोजा, पाच वेळची नमाज, खाली पडलेला रोटीचा तुकडा उचलून ओठाला-कपाळाला लावून उंचावर ठेवणं, यातलं काही तिच्याकडून चुकत नसे. पण त्या दिवसापासून तिच्या पोटात एक निखारा पडला होता, तो विझत नव्हता.

चाळिसावा गुरुवारी येत होता. आणि सात नंबरची खोली रविवार ते शुक्रवार बेरिलच्या नावावर होती.

बेरिल इस्तंबूलची. उंची हॉटेलांत राहायचं, चांगलंचुंगलं खायचं आणि त्यावर लिहायचं, हाच तिचा धंदा. तिचं एक पान वाचून लोक सामान बांधतात म्हणे. मुलगी वाईट नव्हती, हसरी होती. सायीवरचा मध बोटानं चाटून खायची.

सोमवारी सकाळी ती पाटाशी येऊन बसली. “मावशी, खूप हॉटेलं पाहिली मी. पण तुमच्या त्या आजींसारखं कुणी पाहिलं नाही.”

“कोण आजी?”

“पहाटे रोटी घेऊन येतात त्या. दार वाजवलेलंही कळलं नाही मला. एक शब्द बोलल्या नाहीत. रोटी ओठाला लावली, कपाळाला लावली, काचेवर ठेवली. मग खाली बसून काचेवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. कुणाच्या दारावर करावं तसं. मला अगदी भरून आलं हो.”

मुकद्देसच्या हातातलं लाटणं थांबलं. तिला वाटलं ते एवढंच, की सेय्फीनं आईचं सोंग आणलं. कुठली तरी म्हातारी रोजंदारीवर धरून आणली, आई जाऊन चाळीस दिवस व्हायच्या आत.

ती तशीच पिठाच्या हातांनी त्याच्या टेबलापाशी गेली. “लाज कशी वाटली नाही रे तुला?”

“आता काय केलं मी?”

“सातमध्ये म्हातारी कोण पाठवतोस?”

सेय्फीनं चहाचा पेला खाली ठेवला. “मी? अगं, मीच तुला विचारणार होतो. ती बेरिल मघाशी माझे आभार मानून गेली. म्हटलं, ताईनंच काहीतरी घाट घातलाय, मला खोली रिकामी करायला लावायला.”

“मी आईचं सोंग आणीन?”

“मग मी आणीन?”

दोघांनाही एकमेकांचं खरं वाटलं नाही.

मंगळवारी मुकद्देसनं बेरिलकडे ती रोटी मागितली. अर्धी खाल्लेली, खालून काजळलेली, तंदूराच्या मातीचे कण चिकटलेली रोटी. हॉटेलात चालू तंदूर नव्हता. अंगणातला नुसता दिखाव्याचा, त्याच्या पोटात गॅसची नळी.

तिनं रोटी उलटी केली.

गावात बायका एकाच तंदूरावर पाळीपाळीनं रोट्या लावत. कुणाची कुठली कळावी, म्हणून लावण्याआधी प्रत्येकीनं आपली बोटं कणकेत रोवायची. कुणी दोन, कुणी आडवी-उभी. एल्मासचं चौथं बोट विळ्यानं अर्धं गेलेलं. तिची रोटी डोळे मिटूनसुद्धा ओळखता यायची, कारण खूण तीन बोटांची आणि वर एक अर्धी.

मुकद्देसनं आपली बोटं त्या खळग्यांवर ठेवली. तीन. आणि एक अर्धा.

“काय झालं मावशी? कच्ची राहिलीय का?”

“कच्ची नाही गं. चांगली झालीय.” तिनं रोटी फडक्यात गुंडाळली. “दिवा लावतेस का तू रात्री? काचेखालचा?”

“पहिल्याच दिवशी त्याची पिन काढून टाकली, डोळ्यांवर येतो. पण खालची ती लाली राहतेच ना. छान युक्ती आहे ती.”

तिला भीती वाटायला हवी होती, पण तिला वाटला तो संताप. साठ वर्षं राबलेली बाई, मेल्यावरही पहाटे उठून पाहुण्यांना रोट्या नेऊन देते. स्वतःच्या चुलीवर टकटक करते, कुणी उघडत नाही, म्हणून पुन्हा कामाला लागते. आणि लोक म्हणतात, अगदी भरून आलं.

बुधवारी तिनं रोटी सेय्फीपुढे ठेवली. त्यानं ती पाहिली. त्याच्या कानांच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या. मग तो हसला.

“तुलाच येते ही खूण करायला. लहानपणी आईची नक्कल करून मला फसवायचीस.”

“उद्या चाळिसावा आहे. तासभर खोली दे. काच काढ.”

“काच सिलिकॉननं बसवलीय ताई, खाली वायरी आहेत. आत्ता काढली तर खोली आठवडाभर बंद. ती बाई लिहायला बसलीय! हंगाम संपू दे, नोव्हेंबरात काढतो, शपथ.”

“आई नोव्हेंबरापर्यंत रोट्या वाटत फिरू दे म्हणतोस?”

“हळू बोल. पाहुणे आहेत.”

बेरिलला विचारलं, तर ती लगेच हो म्हणाली. “घ्या की खोली! मी फक्त कोपऱ्यात बसून फोटो काढले तर चालतील?”

“नाही,” मुकद्देस म्हणाली. मुलगी ओशाळली, आणि तिनं आपली किल्ली तिच्या हातात ठेवली.

गुरुवारी दुपारी मुकद्देस सात नंबरात गेली. तोंडात पाण्याचा थेंब नाही, रोजा होता. एका हातात कढई, रवा, लोणी, चिलगोजे; दुसऱ्या हातात तंदूर उकरायची आईची लोखंडी सळई, काखेत द्राक्षवेलीच्या काटक्या. बेरिल बाहेर अंगणात तुतीखाली बसली होती.

खोलीत गुलाबपाण्याचा वास होता. पडदे ओढलेले. दिव्याची वायर गुंडाळून कोनाड्यात ठेवलेली. आणि काचेखाली, खोल, राखेआडून निखारा दिसावा तशी लाली.

तिनं सळई उचलली.

“ताई!” सेय्फी दारातून धावत आला आणि सरळ काचेवर जाऊन उभा राहिला. “आधी माझ्यावर घाल.”

“बाजूला हो.”

“नाही होत. हे सगळं मी उभं केलंय. तू नुसती रुमाल बांधून बसतेस. या घराच्या रिकाम्या खोल्यांत लोक दगड मारायचे वटवाघळांना!”

“या घरात आपण जन्मलो.”

“आणि आई विजेच्या शेगडीपाशी सुखानं मेली. पुरे कर आता हा तमाशा!”

खालून आवाज आला. टक. टक. बोटाच्या पेराचा.

सेय्फीनं तो ऐकला. तिनं पाहिलं की त्यानं ऐकला. आणि तरीही त्यानं पाय घट्ट रोवले आणि बुटाची टाच काचेवर दोनदा आपटली. उंदराला गप्प करावं तशी.

पोटातला निखारा तिच्या तोंडात आला. बावन्न वर्षांत जे कुणाला म्हणाली नव्हती, शत्रूलाही म्हणू नये असं आईनं बजावलेलं, ते ती सावकाश, एकेक अक्षर तोडून म्हणाली.

“तुझी चूल विझो, सेय्फी.”

लाली गेली.

कुणी फुंकर घातल्यासारखी एकदम नव्हे. निखारा वरून काळवंडत जातो, तशी.

सेय्फीनं खाली पाहिलं. मग एक पाय उचलला, मग दुसरा.

“ताई,” तो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलाचा झाला होता. “काच आत्तापर्यंत गरम होती गं. सातव्या दिवसापासून गरम होती. मी रोज येऊन पाय ठेवून बघायचो. म्हटलं, वायरी तापत असतील.”

“मग बोलला का नाहीस?”

त्यानं स्वयंपाकघरातून सुरी आणली, गुडघ्यांवर बसला आणि कडेचं सिलिकॉन कापायला लागला. बोट कापलं, तरी थांबला नाही. दोघांनी मिळून काच उचलून पलंगावर टाकली, रेशमी रजईवर.

आत राख होती. ताजी, मऊ, पिठासारखी. तिच्यावर हात धरला तर ऊब लागत होती, आणि हात धरल्या धरल्या ती कमी होत होती.

मुकद्देसनं द्राक्षवेलीच्या काटक्या रचल्या. काडी ओढली. विझली.

दुसरी. विझली.

वारा नव्हता. पडदा हालत नव्हता.

“मी बघतो,” सेय्फी म्हणाला. त्यानं अर्धी पेटी संपवली. कागदाचा बोळा करून खाली घातला. लायटर आणला, लायटरची ज्योत हातात उभी राही, आणि तंदूराच्या काठाशी नेली की खाली मान घाली.

तो धावत स्वयंपाकघरात गेला. शेगडी लागली नाही. अंगणातली गॅसची नळी लागली नाही. परत आला तेव्हा तो दारात टेकून उभा राहिला.

“माघारी घे ताई. म्हण, मी रागात बोलले.”

“मी रागात बोलले,” मुकद्देस म्हणाली. तिनं फातिहाची प्रार्थना म्हटली. पुन्हा म्हटली. आईची क्षमा मागितली, देवाची मागितली, भावाची मागितली. त्याची चूल आणि आईची चूल एकच आहे, हे तिला बोलायच्या आधी आठवायला हवं होतं. ती काड्या ओढत राहिली. कढईत रवा कोरडाच होता.

पडद्यावरचं ऊन उतरून गेलं. अस्रची, उतरत्या दुपारची अजान झाली.

दारावर सावली पडली. बेरिल होती. तिनं आत पाहिलं: पलंगावर काच, जमिनीवर जळक्या काड्या, राखेत बसलेली दोघं. ती हळू आवाजात म्हणाली,

“मावशी, रागावू नका, मध्येच आले. त्या आजी बाहेर उंबऱ्याशी उभ्या आहेत. आज पहिल्यांदा बोलल्या माझ्याशी.”

मुकद्देसनं काड्यांची पेटी खाली ठेवली. “काय म्हणाल्या?”

“वाट चुकल्यासारख्या वाटल्या. मला विचारलं, हे घर कुणाचं आहे. चूल पेटते का इथे, की पुढे जाऊ, असं.” बेरिलनं मागे वळून अंगणाकडे पाहिलं. “मी म्हटलं, हे हॉटेल आहे.”

मुकद्देस धावली. पायात चप्पल नाही, रुमाल सुटून खांद्यावर आलेला. अंगण रिकामं होतं. तुतीखाली बेरिलचा अर्धा चहा होता. फाटक उघडं होतं, आणि त्यापलीकडे गावाबाहेर जाणारी पांढऱ्या धुळीची वाट.

उंबऱ्यावरच्या कोनाड्यात, कुणाचा पाय लागू नये अशा उंचीवर, एक रोटी ठेवलेली होती. अजून कोमट.

तिनं ती ओठाला लावली, कपाळाला लावली. मग उलटी करून बोटांनी चाचपली. एकदा, दोनदा, कडेपासून कडेपर्यंत.

रोटी सपाट होती. तिच्यावर कुणाचीच खूण नव्हती.