डावीकडे कोणी वळवलं?

वडजाईच्या माळावरच्या उड्डाण मंडळात मिसळीच्या दोन प्लेटांच्या पैशात विमान उडवता येई. त्यामुळे रविवारी शिंपी, तलाठी, निवृत्त मास्तर, सगळे आकाशातच असत. ज्यानं एकट्यानं पहिलं उड्डाण केलं, त्याच्या हाताचा ठसा हँगरच्या भिंतीवर गेरूनं उमटवायचा, ही तिथली रीत. यमुनाबाई गुरवांचा ठसा दारापाशीच होता. तीस वर्षं दुधाचा टँकर चालवलेला हात तो, चांगला सुपाएवढा.

आज त्या ठशासमोर बाई संतापानं नुसत्या धुमसत होत्या. गेल्या रविवारी उतरताना धावपट्टीवर बैल आडवा आला, तेव्हा बाईंनी विमान डावीकडे वळवलं आणि नंतर सगळ्यांना पेढे वाटले. आज मंडळाचे शास्त्रज्ञ डॉ. केळशीकर यांच्या संगणकाच्या पडद्यावर त्याच क्षणाची नोंद बाईंच्या नजरेस पडली होती. 'चालकाचा कौल: उजवीकडे.' उजवीकडे चहाची टपरी होती, आणि टपरीवर ही गर्दी.

"मी डावीकडेच वळवलं. मला चांगलं आठवतंय," बाई म्हणाल्या.

"आठवणारच, यमुनाताई. हात हलण्याआधी, आपल्याला कळण्याच्याही आधी, मेंदूत त्या हालचालीचा कौल तयार होतो. उडताना तुम्ही डोक्यावर घालता ती उड्डाणटोपी तो वाचते, आणि चुकीचा असला तर बारीकसा विद्युतप्रवाह सोडून बदलते. आम्ही त्याला कौलपालट म्हणतो. हात तुमचाच हलतो, म्हणून निर्णयही तुमचाच वाटतो. त्यामुळे अपघात नाहीत, महागडे शिक्षक नाहीत. एवढ्या स्वस्तात उडता येतं ते त्यामुळेच."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं की माणूस स्वतःच्याच हाताशी झगडायला लागतो. मग टोपी चालत नाही."

"म्हणजे फसवल्याशिवाय तुमचं यंत्र चालत नाही. आणि वर माझे पेढे खाल्लेत. दोन खाल्लेत तुम्ही, मी बघत होते."

बाईंनी बादलीतलं ओलं फडकं उचललं आणि स्वतःचाच ठसा खसाखसा पुसायला घेतला.

"मला नको ही उधारीची शाबासकी. म्हसोबाच्या घाटात ब्रेक गेलेला टँकर मी डोंगराला घासत थांबवलाय. समोर वऱ्हाडाची गाडी होती. त्यातली नवरी अजून दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन येते, पाया पडते माझ्या. तिथं कुठं होती हो तुमची टोपी?"

बोलता बोलता बाई थांबल्या. फडकं भिंतीवरच राहिलं.

"डॉक्टर," त्या सावकाश म्हणाल्या, "डोळा लागू नये म्हणून त्या वर्षी आम्हा चालकांना एकेक टोपी दिली होती. ती तेवढ्यासाठीच होती ना?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "पहिल्या चाचण्या टँकरवाल्यांवरच झाल्या," ते म्हणाले.

बाईंच्या तळहाताला गेरूचा चिखल लागला होता. तोच हात उगारून या माणसाच्या मुस्काटात द्यावी असं त्यांना वाटलं, पण हा कौल तरी आपलाच का, या शंकेनं हात जागचा हलेना. संक्रांत आठ दिवसांवर आली होती, आणि त्या पोरीपुढं तिळगुळासाठी हाच हात धरायचा होता.