एकोणीस पाठी

चिखलाची मला कधी किळस वाटली नाही. वाटली असती तर केंटच्या या पाणथळीत बावीस वर्षं काढलीच नसती. शेण, मूत, कुजलेलं लव्हाळं, व्यायलेल्या गाईच्या वारेचा वास, सगळं नाकाच्या सवयीचं. पण त्या जानेवारीपासून एक वास असा बसलाय की साबणाने जात नाही. बस, शेगडीजवळ सरक. चहा मी आणलेल्या थर्मासच्या झाकणातूनच पी. इथल्या कपांना मी हात लावत नाही. का ते सांगतेच.

कागदावर आमचा हुद्दा वॉर्डन. जुने लोक मात्र अजून 'लुकर' म्हणतात, म्हणजे बघणारा. काम तेवढंच. हिवाळाभर इथे चाळीसेक गाई आणि एकोणीस घोडे चरायला मोकळे असतात. त्यांना चारा घालायचा नाही, खरारा करायचा नाही. लव्हाळं माजू न देणं हे त्यांचं काम, आणि रोज जाऊन बघणं हे आपलं. सगळे आहेत ना, चालताहेत ना, पाण्यावरचा बर्फ फुटलाय ना. मग इथे ऑफिसात यायचं आणि त्या भिंतीवरच्या फळीवर आपल्या नावाची लाकडी पट्टी उलटवायची, 'बाहेर'ची 'आत' करायची. चार वाजेपर्यंत कुणाची पट्टी उलटली नाही, तर युनिस माणसं पाठवते. युनिस ऑफिस सांभाळते. वीस वर्षांत तिच्याशी मी वीस वाक्यं बोलले असेन. मला बडबड सोसत नाही, आणि ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

माझ्या आधी रूबेन हॉगबेन लुकर होते. निवृत्त होताना त्यांनी मला एकच गोष्ट बजावली.

"पाठी मोजू नकोस, पोरी. तोंडं मोज."

"रूबेन, जेवढ्या पाठी तेवढीच तोंडं की!"

"मग तोंडंच मोज. तुझं काय जातंय?"

माझा तासभर जात होता, तेच. आपले कोनिक घोडे सगळे एका घाण्यातून काढल्यासारखे, उंदराच्या रंगाचे, पाठीवर काळी रेघ. तोंडं बघायची तर चिखल तुडवत प्रत्येकाच्या पुढे जायला हवं. बांधावर उभं राहून दुर्बिणीने पाठी मोजल्या की दहा मिनिटांत सुटका. मी सुटकाच धरली.

त्या घोड्यांत रूबेनची एक लाडकी होती, टॅन्सी. म्हातारी, डाव्या कानाला खाच. शिंगरू असताना तिची आई मेली, तेव्हा सगळे नियम धाब्यावर बसवून त्यांनी तिला बाटलीने दूध पाजलं होतं. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. "माझी म्हातारी कशी आहे?" मी म्हणायचे, "तुमच्यापेक्षा बरी आहे. निदान फोन तरी करत नाही." मग ते खोकत हसायचे. एवढंच त्यांचं आठवड्याचं सुख उरलं होतं.

त्या जानेवारीत सहा दिवस धुकं हललं नाही. दुपारीही पन्नास पावलांवरचं लव्हाळं पुसट दिसायचं. मी बांधावर जायचे, धुक्यात पाठी मोजायचे. एकोणीस. वहीत एकोणीस. दुसऱ्या दिवशीही एकोणीस.

एक घोडा मात्र बाजूला, पाण्याने भरलेल्या चराच्या काठी उभा असायचा. रोज तिथेच, रोज माझ्याकडे पाठ करून. बाकीच्यांच्या अंगावर दव होतं, याच्या अंगावरून पाणी ठिबकत होतं. तो चरत नव्हता. शेपूटही हलवत नव्हता. बाकीचे त्याच्या वाऱ्याला उभे राहत नव्हते. आणि तिकडून झुळूक आली की तुंबलेल्या मोरीत मेलेला उंदीर सापडावा तसा वास यायचा. मी नाकाला मफलर लावला आणि मोजणी पुरी केली.

तिसऱ्या दिवशी चराच्या बाजूने कण्हल्यासारखा आवाज आला. लांबलचक, मग थांबून पुन्हा. मी वहीत लिहिलं, 'चरातलं पाणी अडवायचं दार कुरकुरतंय, ग्रीस लावणे.' चौथ्या दिवशीही तो आवाज होता. पाचव्या दिवशी नव्हता. आपोआप थांबलं, बरं झालं, असं मला वाटलं. खरंच वाटलं. ती वही अजून त्या खणात आहे, बघायची तर बघ.

सहावा दिवस रविवार. रूबेनचा फोन आला.

"सगळे आहेत?"

"एकोणीसच्या एकोणीस."

"तोंडं मोजलीस?"

"हो हो... तोंडं."

सातव्या दिवशी ऊन पडलं, आणि बांधावरून अठराच दिसले. चरावर कावळ्यांची ही गर्दी. मी धावत गेले. चरात टॅन्सी होती. मागचे पाय आणि पोट गाळात रुतलेलं, मान आणि पुढचे पाय काठावर टाकलेले.

मेलेली जनावरं उचलून न्यायला गोल्डप येतो, त्याला फोन केला. तो साखळी आणि गाडी घेऊन आला. गडी तोंडाचा फाटका, मढ्यांशेजारी बसून सॅन्डविच खाणारा. साखळी ओढली तसा गाळाने सुटताना ओल्या चुंबनासारखा आवाज केला. टॅन्सी वर आली, आणि गोल्डपने हातातलं सॅन्डविच चरात फेकलं.

मागचा भाग उरलाच नव्हता. पाणउंदरांनी आणि कोल्ह्यांनी तिकडूनच सुरुवात केली होती. हिरवट काळा गाळ आणि आतडी यांचा एकच लगदा झाला होता, आणि त्यात काहीतरी वळवळत होतं. मी तिथेच ओकले. पण खरी किळस नंतर आली. गोल्डप तिच्या तोंडापाशी उकिडवा बसला होता.

"मॅव्हिस, हे बघ."

मान पोचेल तिथपर्यंतचं लव्हाळं मुळापर्यंत कुरतडलेलं होतं. अगदी अर्धगोल. लव्हाळं संपल्यावर तिने काठाची माती खाल्ली होती. दातांत माती, जिभेवर माती.

"ही काल-परवा मेली," गोल्डप म्हणाला. "त्याआधी चार-पाच दिवस तरी जिवंत होती. कोल्ही लागली तेव्हाही असेल. कुणी बघायला येत नव्हतं का गं इकडे?"

"रोज... रोज मोजत होते मी. कालसुद्धा एकोणीस होते."

"मग तुला मोजता येत नाही," तो म्हणाला आणि साखळी पुसू लागला. बापजन्मात मला इतकी स्वतःची शिसारी आली नव्हती. मी चाळीस पावलांवर उभी राहून तिचं कण्हणं ऐकलं होतं, आणि ग्रीसची नोंद केली होती.

रूबेनना सांगायला गेले. ते अंथरुणावर होते, अंगावर घोंगडी. मी सगळं सांगितलं, तोंडांचं खोटंसुद्धा. मला वाटलं शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"एक बाजूला उभा होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ओला?"

मी मान हलवली.

"त्याचं तोंड दिसलं नसेल."

"रूबेन, काय होतं ते?"

"मला कुठे ठाऊक? माझ्या आधीच्या लुकरलाही ठाऊक नव्हतं. एखादं हरवलं की ते त्याची जागा भरतं, एवढंच आम्ही जाणतो. मोजणी बरोबर आली की कुणी शोधायला जात नाही. मग त्याला सवडीने... जेवता येतं." ते भिंतीकडे वळले. "जनावरांवर भागलं असतं तरी चाललं असतं." मला त्यांच्याकडे पाहवेना असं नाही, माझंच तोंड त्यांना दाखववेना. दहा दिवसांनी ते गेले.

तेव्हापासून मी तोंडं मोजायला लागले. पाऊस असो, धुकं असो, प्रत्येक घोड्यासमोर जायचं, डोळ्यांत बघायचं, मगच आकडा लिहायचा. अठरा तोंडं. ओला घोडा पुन्हा दिसला नाही. मला वाटलं, पीडा टळली.

फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा धुकं आलं. दुपारचे तीन वाजले होते. शेवटच्या दोन घोड्यांची तोंडं बघायला मी आडवाटेने गेले, आणि पायाखालचं लव्हाळं खचलं. एका दमात मी कमरेपर्यंत आत. वायरलेस हातातून सुटला आणि बुडबुडे काढत गेला.

मी घाबरले नाही. खरंच सांगते. मला ती लाकडी पट्टी आठवली. चार वाजता पट्टी 'बाहेर'च दिसेल, युनिस माणसं पाठवील, अर्ध्या तासात कंदील दिसतील. तोवर हलायचं नाही, हलल्याने माणूस आणखी रुततं. गाळ बुटांत शिरला, मग कपड्यांत, मग नको तिथे. कोमट होता. फेब्रुवारीत कोमट. कुणीतरी तोंडात घेऊन चोखतंय असं वाटत होतं. त्याला तोच वास होता.

चार वाजले. साडेचार झाले. कुणी आलं नाही. मी हाका मारल्या, आणि माझा आवाज मलाच ऐकवेना. लांबलचक, थांबून पुन्हा... दार कुरकुरल्यासारखा.

तेवढ्यात घोडे आले. धुक्यातून एकेक, अर्धगोल करून उभे राहिले, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. मी सवयीने मोजले. अठरा. म्हणजे ते इथे नव्हतं. मग कुठे होतं?

हा प्रश्न डोक्यात आला आणि मी माणसांची वाट बघायची सोडली. हाताला जुन्या कुंपणाचा एक खुंट लागला. नखं उपटली, एक बूट आत राहिला, पण निघाले. रांगत, घसरत बांध गाठला. इथे पोचले तेव्हा साडेपाच वाजले होते.

दिवा लागला होता. फळीवर माझी पट्टी 'आत' होती. तिच्यावर ओला काळा अंगठा उमटला होता.

युनिस टेबलापाशी दोन कप आवरत होती. मला बघून ती दचकली.

"अगं बाई! पुन्हा कशाला गेलीस बाहेर? आणि हा काय अवतार?"

"पुन्हा...? युनिस, मी आत्ता येतेय."

"काहीतरीच काय! पावणेचारला नाही का आलीस? पट्टी उलटवलीस, इथे बसलीस."

"पाठमोरी होते ना मी? तुझ्याकडे पाठ करून?" मी तिचा दंड धरला. "तोंड दिसलं नसेल तुला. आठव नीट."

"पाठ कशाला? ही इथे, माझ्यासमोर बसली होतीस. चांगली डोळ्यांत डोळे घालून बोललीस की तास-दीड तास. माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस. हसलीस सुद्धा!" तिचा चेहरा उजळला होता. "वीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं, ही मॅव्हिस मनाने चांगली आहे हो."

मी तोंडं बघायला शिकले होते. तेही शिकलं होतं.

दुसरा कप मी तिच्या हातातून घेतला. कडेला काळा बुळबुळीत ओघळ होता, ओठांच्या आकाराचा. तळाशी चहात चघळून थुंकलेला लव्हाळ्याचा चोथा आणि माती होती. युनिसला ते दिसत नव्हतं का, की दिसून कळत नव्हतं, कोण जाणे.

"काय बोलले मी?" मी विचारलं.

"त्या बिचाऱ्या टॅन्सीचंच सांगत होतीस." युनिसने डोळे पुसले. "कसं कसं वाटलं असेल तिला, एकेक दिवसाचं सांगितलंस. म्हणालीस, पहिले दोन दिवस काही वाटत नाही. मॅव्हिस रोज बांधावर येताना दिसते ना, म्हणून."