भाईंच्या होडीची शेवटची फळी

देवबागला पाहुणे उतरवणाऱ्या घरांच्या भिंतीवर हसरा डॉल्फिन असतोच, आणि त्यातले निम्मेशिम्मे धनेशच्या हातचे होते. डॉल्फिन हसत नाही, त्याच्या तोंडाची ठेवणच तशी, हे तो आधी लोकांना सांगून बघायचा. मग गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणून निळा डबा उघडायचा. मुंबईच्या कलाशाळेत शिकून आलेला मुलगा; पाण्यावरचं ऊन असं काढायचा की बघणाऱ्याने डोळे बारीक करावेत. पण गॅलऱ्यांकडून एकच उत्तर यायचं: हात चांगला आहे, चित्रात काही घडत नाही. ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते.

शेवटी कॅनव्हास सोडून त्याने मोडलेल्या होड्यांच्या फळ्यांवर रंगवायला घेतलं. त्यांचे फोटो बघून मुंबईच्या एका गॅलरीतल्या दिव्या नावाच्या बाईने पहिल्यांदाच स्वतःहून फोन केला. उन्हाळ्यातल्या प्रदर्शनात एक मोठी फळी लावते, म्हणाली. लोकांना पटली तर पुढे त्याचं एकट्याचं प्रदर्शन. नाही पटली तर जवळच्या कट्टा गावात मामाचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं, आणि आईने, सत्यवतीने, तिथे त्याची जागा राखूनच ठेवली होती. वाढदिवसाच्या फलकांवर पुढाऱ्यांचे चेहरे गोरे करत बसायचं.

त्याच सुमारास शेजारच्या भाईंनी आपली जुनी होडी मोडली. होडी मोडली की तिची शेवटची फळी नारळासकट ओहोटीच्या कडेला ठेवायची आणि मागे न बघता घरी यायचं, ती दर्याची. भाईंनी ठेवली, पाण्याने नेली. दुसऱ्या सकाळी ती धनेशच्या घराखाली वाळूत येऊन पडली. फणसाची, रुंद, लांबच लांब. आता दुसरीही एक रीत आहेच: दर्याने टाकलेलं, ज्याला सापडलं त्याचं. धनेशने सोयीची रीत धरली आणि फळी ओढत पडवीत आणली.

“दर्याक दिल्लां घराक हाडू नये रे,” आई म्हणाली.

“दर्यानच हाडून टाकल्यान, आये.”

त्याने समोरची खाडी रंगवली. ओहोटीचं पाणी, मधलं वाळूचं बेट, पलीकडे माडांची रांग. मन लावून रंगवली, आणि सकाळी उठून बघतो तर चित्रातलं बेट आक्रसलेलं. लाकडात मीठ असणार, तेल धरत नसेल, असं म्हणून त्याने पाणी खरवडलं आणि वाळू पुन्हा भरली. दुपारी जेवून आला तेव्हा बेट पहिल्याहून मोठं झालं होतं. कडेने ओल्या वाळूची पट्टी होती, ती त्याने काढलेली नव्हती.

मग त्याने समोर खाडीकडे पाहिलं. ओहोटी लागली होती.

भीती वाटायला हवी होती. धनेशला आली चीड. प्रदर्शन तोंडावर आलेलं, आणि हे लाकूड त्याचं ऐकेना. तो दिवसभर भरायचा, पाणी आपलं चढायचं नि उतरायचं. आईवर खेकसला, जेवणाच्या ताटावरून उठला.

पुढे माडांच्या रांगेपाशी एक ठिपका दिसू लागला. माशी बसली असेल म्हणून त्याने टर्पेंटाइनने पुसला. दुसऱ्या दिवशी तो अलीकडे आला होता. होडी होती, आणि तीत इकडे तोंड करून वल्हवणारा एक माणूस. धनेशने तेवढा भाग लाकडापर्यंत खरवडून काढला. सकाळी होडी बेटाच्या अलीकडे होती.

त्याने भाईंना बोलावून आणलं. भाई फळीपाशी वाकले.

“होडी माझी,” ते म्हणाले. “माणूस आमचो नाय.”

चहासुद्धा न घेता ते गेले. फळी आजच्या आज पाण्यात सोड, म्हणून आईने हात जोडले. धनेशचं मनही डळमळलं होतं. पण दिव्याला फोटो आधीच गेला होता आणि तेवढ्यात तिचाच फोन आला.

“अरे, ती होडी! शेवटी तुझ्या पाण्यात कुणीतरी आलं.”

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांत कौतुक झालं ते नेमकं त्याने न काढलेल्या गोष्टीचं. तरी त्याने फळी गोणपाटात बांधली आणि मुंबईला पाठवली. फ्लेक्सपेक्षा हे बरं.

प्रदर्शन गाजलं. अलीकडच्या वाळूवर ओढून ठेवलेली ती रिकामी होडी सगळ्यांना फार आवडली, दिव्याने कळवलं. आणि माणूस, त्याने विचारलं. माणूस कुठे होता त्यात, ती म्हणाली. एकट्याच्या प्रदर्शनाची तारीख तिने ठरवून टाकली होती.

आता फळ्या नकोत. धनेशने कोरा कॅनव्हास मागवला. यातली प्रत्येक रेघ माझी असेल, असं स्वतःला बजावून त्याने सकाळच्या उन्हात खाडी काढायला घेतली.

खाडी आलीच नाही. आलं त्याचंच घर, खाडीतल्या पाण्यावरून दिसतं तसं.

दुसऱ्या कॅनव्हासवर अंगण आलं. तुळस, वाळत घातलेलं जाळं. तिसऱ्यावर पडवीची पायरी. रंग त्याचे, ब्रश त्याचा, हात त्याचा. आणि इतकं चांगलं त्याने उभ्या आयुष्यात काढलं नव्हतं. दिव्याचा निरोप आला, असंच पाठवत राहा.

मग एका सकाळी कॅनव्हासवर पडवी आली. पडवीत ईझल, त्यावर वाकलेली पाठ.

पाठ फार जवळून दिसत होती. शर्टाच्या कॉलरचा उसवलेला टाका. मानेवरचे बारीक केस. त्यांच्या खाली एक तीळ.

धनेशचा हात थांबेना.

“आये,” त्याने न वळता हाक मारली, “माझ्या मानेर तीळ आसा?”

“आसा. जल्मापासून.” आवाज आत चुलीकडून आला.

तिळाच्या शेजारी तो एका बोटाची सावली भरत होता.