दुखलं तर डावा हात

"तुम्ही कधी गेम खेळलायत का?"

जिन्यात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला कुणी असं विचारतं का? पण तिचा नाइलाज होता. टेस्टला बोलावलेला माणूस आलाच नव्हता. आणि तिला असा कुणीतरी हवा होता, ज्यानं आयुष्यात कधी गेमला हात लावलेला नाही.

तो त्याच्या दवाखान्याच्या दारात उभा होता, पांढऱ्या कोटात. दातांचा डॉक्टर. त्याचाही पेशंट आला नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "तुमचा दात दुखतोय का?"

"नाही."

"मग आपण दोघं एकमेकांच्या काहीच कामाचे नाही."

"तुम्ही आहात की... चला ना वर. थोडाच वेळ."

आणि तो खरंच आला.

तर त्या वरच्या मजल्यावर एक अख्खं जग बनत होतं. डोंगर, तटबंदीची गावं, चेटकिणी, राक्षस. उद्या हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच वेळी त्यात शिरणार, कुणी योद्धा होणार, कुणी वैदू. त्या जगातली एक दरी तिची होती, धुक्यानं भरलेली. म्हणून ऑफिसात तिचं नावच पडलं होतं धुकेवाली. बाकी सगळीकडे स्क्रीनवर बाण असायचा, इकडे वळा, तिकडे चढा. तिच्या दरीत बाण नव्हता. नदीचा आवाज होता फक्त. वाट चुकली की तो बारीक बारीक होत जायचा. आणि गवत होतं, चालणाऱ्याच्या पायाखाली वाकायचं आणि मग तसंच वाकलेलं राहायचं. आपण इथून गेलो होतो हे त्या जगाच्या लक्षात आहे, एवढं माणसाला कळलं पाहिजे... पण सांगायचं नाही, असं तिचं म्हणणं. यावरून तिची सगळ्यांशी भांडणं व्हायची. वाट दाखवली की माणूस नुसता पोचतो. स्वतःला सापडली तर ती त्याची होते. बाकीचे म्हणत, बाई, लोक हरवतील, गेम बंद करून जेवायला जातील, टाक तो बाण. शेवटी टीमचे मुख्य म्हणाले, टेस्टमध्ये बघू. केस लवकर पिकले म्हणून सगळे त्यांना आजोबा म्हणायचे, आणि आजोबांचा शब्द शेवटचा.

टेस्टचा नियम कडक. खेळणाऱ्यानं मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं. आणि जिनं बनवलंय तिनं त्याच्या मागे खुर्ची टाकून बसायचं, अवाक्षर काढायचं नाही. आता ही बया कशी, तर एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही. खालचा ओठ दातात धरून बसली बिचारी.

डॉक्टर मात्र मजेत. उत्तर न देणाऱ्या माणसांशी बोलायची त्याला सवयच होती. त्याच्यासमोर येतो तो आ करूनच बसलेला असतो. "हं... इथं काहीच दिसत नाही," तो बोलत राहिला. "घाबरायचं कारण नाही. पाणी कुठंतरी आहे... नाही, इकडे कमी येतंय. मागे फिरू या." धुक्यात हळूहळू, कान देऊन, तो नदीपर्यंत पोचला. काठावर एक सपाट दगड होता. खेळायला त्यानं वैदू निवडला होता; त्या वैदूला त्यानं दगडावर बसवलं, आणि बसूनच राहिला. तिथं ना खजिना, ना लढाई. कंट्रोलर मांडीवर ठेवून तो नुसता पाण्याकडे बघत होता.

"इथं एकालाच बसता येतं का?" त्यानं विचारलं. ती गप्प. "नाही, छान आहे. दुसऱ्यालाही जागा असती तर..."

निघताना म्हणाला, "उद्या येऊ?"

आजोबा मागून खूश. न बोलावता जो परत येतो, म्हणे, त्याच्यासाठी ते जग खरं झालेलं असतं.

मग तो दुपारी, पेशंट कमी असले की, येऊ लागला. ती त्याला जिन्यापर्यंत सोडायला जायची आणि टेस्टमध्ये तुंबलेलं सगळं तिथं धो धो बोलून टाकायची. तो कठड्याला टेकून ऐकायचा. एकदा म्हणाला, तुमच्या दरीपेक्षा तुमच्यातच माणूस जास्त हरवतो. ती लाजली.

त्यात तिची अक्कलदाढ दुखायला लागली. आईनं फोनवर ऐकून घेतलं आणि टोमणा मारला, उशिरा का होईना, अक्कल येतेय म्हणायची. गेली खाली. खुर्चीत आडवी झाली, डोळ्यांवर दिवा, तोंडात कापूस.

"दुखलं तर डावा हात वर करा," तो म्हणाला. "मी लगेच थांबेन."

आणि काम करता करता तो बोलायला लागला. या वेळी मात्र विनोद नव्हता. त्याच्या बाबांचाही दवाखाना होता, दूर, लहान गावात. हल्ली बाबांचा हात थरथरतो. त्यांनी पेशंटना सांगून पाहिलं, दुसरीकडे जा. पण पेशंट तिथंच येतात, त्यांच्याच पुढ्यात विश्वासानं आ करून बसतात. "परवा बाबा मला म्हणाले, तोंडानं कुणी सांगत नाही रे, पण हात लागला की माणूस दचकतो... ते मला कळतं." मग म्हणाला, "मला जावं लागेल."

तिच्या तोंडात कापूस होता. बरंच झालं, तिला वाटलं. बोलावं लागलं नाही.

पण कापूस निघाला तरी ती बोललीच नाही. त्याची वाट त्याला सापडू दे, आपण कोण बाण दाखवणारे... ही तिची आवडती शहाणपणाची गोष्ट तिनं स्वतःलाच सांगितली. खरं तर भीती होती. जगाशी वाद घालणारीची इथं दातखिळी बसली होती. आणि तो? त्याला वाटलं, हिला काही म्हणायचंच नाही.

जायच्या आधी तो शेवटचा वर आला. आजोबा काचेपलीकडे, ती मागच्या खुर्चीवर. तो न चुकता नदीपाशी गेला, त्याच्याच पायांनी वाकलेल्या गवतातून. दगडावर बसला.

"मी रविवारी जातोय," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. आवाज तोच, पेशंटला धीर देतानाचा. "इथं मी पुन्हा पुन्हा का आलो, ते सांगायला पाहिजे म्हणून सांगतो. नदीसाठी नाही. माझ्या मागे कुणीतरी गप्प बसलेलं असायचं... त्या गप्प बसण्यासाठी. तुम्ही काही बोलायची गरज नाही. नियम आहे."

त्यानं वैदूला उठवलं आणि दरीबाहेरच्या वाटेला लावलं. दरी संपली. पुढचा प्रदेश उघडण्याआधी स्क्रीन काळीभोर झाली, आणि त्या काळ्या काचेत त्याला ती दिसली.

ओठ दातात धरलेला. डावा हात वर.

डॉक्टरनं कंट्रोलर खाली ठेवला. काय करणार, हाताला सवयच तशी. तो वळला.

"कुठं दुखतंय?"

"तुम्ही रविवारी जाताय," ती म्हणाली. त्या खोलीत पहिल्यांदाच. "तिथं."

कुणी कुणाला मिठी मारली नाही, काचेपलीकडे आजोबा होते ना. तो नुसता खुर्ची ओढून तिच्या समोर बसला आणि तिचा वर केलेला हात त्यानं हळूच खाली घेतला... सोडला मात्र नाही. जाऊ नका, असं ती म्हणाली नाही. बाबांचा थरथरता हात दोघांनाही दिसत होता. रविवारी तो गेला.

दरीत बाण आला नाही. जिथं मिळण्यासारखं काहीच नाही तिथं माणूस एवढा वेळ बसतो, तर मग अजून काय पाहिजे, असं म्हणून आजोबांनी वाद मिटवला. तिनं मात्र दोन गोष्टी बदलल्या. दगड रुंद केला. आणि खेळणाऱ्यांना हात हलवण्याच्या, नमस्काराच्या खुणा होत्या, त्यात एक खूण वाढवली. कशासाठी, असं सगळ्यांनी विचारलं; तिनं सांगितलं नाही.

मग पहिल्यांदाच ते जग बाहेरच्या माणसांसाठी उघडलं. भर दुपार, ऑफिसात गलका, आणि ती कोपऱ्यात आपल्या जागेवर बसून दरीत, दगडाच्या एका कडेला. धुकं होतं. गवत सरसरलं... वैदू आला. न विचारता शेजारी बसला. दोघं पाण्याकडे बघत राहिले. त्याला खुणा सापडायला जरा वेळ लागला असणार. तिनं मुद्दामच कुठं सांगितलं नव्हतं.

मग वैदूनं डावा हात वर केला.

ती उठली. बॅग घेतली आणि थेट आजोबांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. रजा हवी होती, आत्ताच.

"काय झालं?"

"दाढ दुखतेय."

"अगं मग खाली दवाखाना आहे की," आजोबा मुद्दामच म्हणाले.

"तो बंद झाला," ती म्हणाली. "माझा डॉक्टर गावाला असतो."