डुकराले दोन, माणसाले तीन

बाभुळगावात धर्मपाल मिस्त्रीचा लौकिक असा, की गाडी त्याच्या दुकानापुढे नुसती उभी केली तरी अर्धी दुरुस्त झाली म्हणून समजावं. त्याला स्वतःला मात्र असल्या बोलण्याचा तिटकारा. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्याच्या घरात नवस-अंगाऱ्याला थारा नव्हता. इंजिनाला पेट्रोल, हवा आणि ठिणगी लागते. गाडी बिघडली की या तिघांपैकी कोणीतरी लबाडी करतंय, बाकी साऱ्या गप्पा, असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा.

म्हणूनच गुलाबसिंगची चारचाकी तिसऱ्यांदा दुकानात आली तेव्हा त्याचं टाळकं सरकलं.

गाडी मोठी नवलाची होती. मोटारसायकलचं हँडल आणि ट्रॅक्टरसारखी दातेरी जाड चाकं. जंगलाकडचं कुठलंसं रिसॉर्ट बंद पडलं तेव्हा गुलाबसिंगनं ती आणली, मागे फवाऱ्याची टाकी बसवली आणि तिच्यासाठी कपाशीत पट्टे मोकळे सोडले. तांड्यावर लोक हसले. हसू दे म्हणाला. आदल्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ प्रेम पाठीवर पंप घेऊन फवारता फवारता विष लागून गेला होता. यापुढे घरातल्या कोणाच्या पाठीवर पंप चढू द्यायचा नाही, एवढी एकच गोष्ट गुलाबसिंगनं मनाशी धरली होती.

"नाल्याजवळ गेली का दोन फटाके फोडते अन् बसते," तो म्हणाला. "दरवेळी दोन. उद्या फवारणी नाही झाली तं अळी बोंडं ठेवत नाही. अन् सुखीबाई खुंटीवरचा पंप काढून बसली हाय. म्हणते, मीच मारते."

सुखीबाई म्हणजे प्रेमची बायको. धर्मपालनं पाना उचलला.

पहिल्या खेपेला त्यानं प्लग बदलला होता, दुसऱ्या खेपेला कार्बोरेटर धुतला होता. या वेळी त्यानं सायलेन्सरच खोलला, आणि चोर सापडला. इंजिनाच्या जोडावरचं गॅस्केट तडकलं होतं. तिथून हवा आत शिरते, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये पेटतं आणि फटाका वाजतो. त्यानं नवं गॅस्केट घातलं. अर्धा तास गाडी नुसती गुरगुरत राहिली, एकदाही खोकली नाही.

"चाला, मी येतो संगं," धर्मपाल म्हणाला. "फवाऱ्याची टाकी भरा. लोड घेऊनच पाहू."

चारच्या सुमाराला ते तांड्यावर पोचले. टाकी भरून झाली, पण गुलाबसिंग ओट्यावरून उठेना.

"काहून? तुमी नाही येत?"

"थे दोन-दोन फटाके आयकून आता त्या नाल्याकडे माहा पाय नाही पडत, मिस्त्री." सुखीबाईनं आणून दिलेला चहा तो हातात तसाच धरून बसला. ती आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाला, "आमच्या तांड्याची रीत हाय. वावरात डुकरं आले तं दोन सुतळी बॉम्ब फोडायचे. माणूस अडचणीत असन तं तीन. तीन आयकले का हातातला घास टाकून धावायचं. त्या दिवशी प्रेमनं नाल्याजवळून फोडले. म्या दोन मोजले. अन् इथंच चहा पेत राह्यलो."

"अन् तिसरा?"

"फुसका निघाला. अर्धी वात जळून इझला. सुखीबाईनं जपून ठेवला हाय, डब्यात."

"दारू ओली झाली असन," धर्मपाल म्हणाला, आणि आपल्या जिभेची त्याला लाज वाटली.

गाडी झकास चालली. कपाशी कमरेच्या वर गेली होती, कळ्यांनी आणि बोंडांनी लगडलेली. नाल्याच्या टोकाला एक पळस होता. त्याच्याजवळ गाडीनं एक फटाका फोडला. मग दुसरा. आणि इंजिन बंद.

धर्मपाल चिडून खाली उतरला. गॅस्केट शाबूत होतं. जळक्या पेट्रोलचा वासही नव्हता. तो टाकीखाली वाकला आणि प्लग काढून पाहू लागला. प्लग कोरडा, बदामी, जसा हवा तसा. पाठीवर ओल उतरत होती. घाम असेल म्हणून त्यानं सोडून दिलं. जन्मभर इंजिनात डोकं घातलेला माणूस. फवाऱ्याच्या टाकीच्या नळीची क्लिप सैल होऊन औषध पाठीवर ठिबकतंय, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

मग तोंडाला पाणी सुटलं. थुंकलं तरी सुटतच राहिलं. हातातला प्लग धूसर दिसू लागला.

तो उठायला गेला आणि गुडघ्यांवर बसला. हाक मारावी तर जीभ जड झालेली.

कपाशीतल्या मोकळ्या पट्ट्यातून लांब तांड्यावरचा ओटा पुसटसा दिसत होता. ओट्यावर गुलाबसिंग. हातात कप. त्यानं दोन मोजले होते आणि तो बसून होता.

प्रेमला हेच दिसलं असेल, असं धर्मपालला वाटलं. त्याला फार भीती वाटली.

तेवढ्यात तिसरा वाजला.

कप खाली पडला आणि गुलाबसिंग धावत सुटला.

त्यानं मिस्त्रीचा सदरा फाडून काढला, विहिरीवर साबण लावून धुतलं, शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून दवाखाना गाठला. तिसऱ्या दिवशी धर्मपाल नीट बोलू लागला. "तिसरा आयकला म्हणून धावलो," गुलाबसिंग म्हणाला. दवाखान्यात मिस्त्रीची मूठ उघडायला दोन माणसं लागली होती. मुठीत प्लग होता. प्लगच नाही तर ठिणगी नाही, आणि ठिणगीविना गाडी फटाका फोडत नाही.

आठवड्यानं धर्मपाल तांड्यावर गेला. क्लिप आवळली, तोच प्लग बसवला. गाडी पहिल्या किकला सुरू झाली आणि गुलाबसिंगनं ती स्वतः नाल्यापर्यंत नेऊन आणली. पळसाजवळून ती गुमान गेली. पंप पुन्हा खुंटीवर लटकला होता.

सुखीबाईनं चहा दिला. धर्मपालनं विचारावं की नाही असं करत विचारलंच.

"वहिनी, त्या दिवशी तिसरा आवाज तुमी आयकला?"

"नाही जी. दोन आयकले. मी घरातच होती, डबा उशाजवळच होता." ती आत जाऊन डबा घेऊन आली. "तुमाले पाहाचा हाय का थो बॉम्ब?"

डबा दोरीनं बांधलेला होता. वर्षभराच्या जुन्या गाठी तिनं दातांनी सोडवल्या आणि झाकण काढून डबा त्याच्यापुढे धरला.

आत अख्खा बॉम्ब नव्हता, सुतळीच्या जळक्या चिंध्या होत्या आणि काळ्या कागदाचे बारीक तुकडे. डब्याला आतून कुठे डाग नव्हता. धर्मपालनं बोटानं चिंध्या बाजूला केल्या. तळाशी वात होती, अर्धीच जळलेली.